तळघरातला रविवार

एवढं मोठं नाव आणि एवढीशी जागा! न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यू साउथवर लाल दारातून अरुंद जिना उतरलं की ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ समोर येतो. निमुळती खोली, ठेंगणं छत, भिंतींवर वादकांची छायाचित्रं, आणि टोकाला लाल पडद्यापुढे इवलंसं स्टेज. जेमतेम सव्वाशे माणसं मावतील. १९३५ पासून हा क्लब याच तळघरात आहे. जॅझवेड्यांची पंढरी ती हीच.

३ नोव्हेंबर १९५७ रोजी सनी रॉलिन्सनं इथं पियानोला फाटा देऊन केवळ बेस आणि ड्रमच्या साथीनं सॅक्सोफोन वाजवला. इथं मुद्रित झालेली ती पहिली मैफल. पण मी त्या स्टेजकडे पाहत राहिलो तो २५ जून १९६१ च्या रविवारासाठी. पियानोवर बिल एव्हान्स, बेसवर स्कॉट लाफारो, ड्रमवर पॉल मोशन. दुपारी दोन आणि रात्री तीन असे पाच सेट मुद्रित झाले. एव्हान्स इतकं हळुवार वाजवतो, की त्या रेकॉर्डवर ग्लासांची किणकिण आणि श्रोत्यांची कुजबुज स्पष्ट ऐकू येते. अकरा दिवसांनी मोटार अपघातात लाफारो गेला. वय अवघं पंचवीस. मग त्या मुद्रणातून निघालेल्या ‘संडे अ‍ॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ या रेकॉर्डची सुरुवात आणि शेवट त्याच्याच रचनांनी केला गेला. गप्पा मारणाऱ्या त्या श्रोत्यांना काय ठाऊक, की हे त्रिकूट पुन्हा मुद्रित होणार नाही!

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जॉन कोल्ट्रेननं इथंच ‘इंडिया’ वाजवलं. भारतीय संगीतानं झपाटलेला हा माणूस. पुढे मुलाचं नाव त्यानं रविशंकरांवरून ‘रवी’ ठेवलं. हजारो मैलांवरच्या या तळघरात आपल्या देशाचं नाव सॅक्सोफोनमधून घुमलं, या विचारानं मी रोमांचित झालो.

दर सोमवारी इथं मोठा वाद्यवृंद वाजतो. ही रीत १९६६ ची. त्या टीचभर स्टेजवर सोळा वादक खेटून बसतात! ट्रम्पेट एकदम उसळले, तेव्हा सूर आधी छातीवर आदळले आणि मग कानांना कळले. भव्य सभागृहात वादक आणि श्रोता यांच्यात अंतर पडतं. इथं अंतराला जागाच नाही. म्हणूनच इथल्या रेकॉर्ड साठ वर्षांनंतरही ताज्या वाटतात. न्यूयॉर्कला जाणाऱ्यानं एक सोमवार या तळघरासाठी राखून ठेवावाच.