शांतिनिकेतनची चामडी पिशवी

पूर्वी प्रवासाची तयारी म्हटली की वळकटी, पत्र्याची ट्रंक आणि फिरकीचा तांब्या या तीन वस्तू प्रथम डोळ्यांसमोर येत. आता वळकटी दिसेनाशी झाली आहे, आणि शाळकरी पाटीएवढे एक उपकरण प्रवाशाच्या सोबतीला आले आहे. टॅबलेट या नावाने घरोघर परिचित झालेल्या या पाटीत आगगाडीचे तिकीट असते, मुलीचा अभ्यास असतो, आजोबांच्या औषधांची यादी असते, आणि कित्येक घरांत आज हयात नसलेल्या माणसांची छायाचित्रेही असतात. ट्रंक आपटली तर तिला पोचा येई, आतले कपडे शाबूत राहत. ही पाटी आपटली तर काच तडकते आणि परगावी सारे कुटुंब अडून बसते. म्हणून ती कोणत्या पिशवीतून न्यावी, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

या प्रश्नाचा विचार करावयास बंगालमधील शांतिनिकेतन हे गाव फार सोयीचे आहे. तेथे पिशवी तयार होते, आणि तिची परीक्षा घेणारी वाटही तेथेच आहे.

हावड्याहून बोलपूरचे स्थानक सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. वर्धमान जिल्ह्यातील भातखाचरे मागे पडतात, अजय नदीचा पूल येतो, आणि नदी ओलांडताच वीरभूम जिल्ह्याची तांबडी माती दिसू लागते. देवेंद्रनाथ ठाकुरांनी 1863 साली येथील जागा घेतली, रवींद्रनाथांनी 1901 साली शाळा काढली आणि 1921 साली विश्वभारती उभी राहिली. 2023 साली युनेस्कोने शांतिनिकेतनचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला. मराठी वाचकाला तर हे गाव पु. ल. देशपांडे यांच्या ‘वंगचित्रे’ या पुस्तकामुळे ओळखीचे झालेले आहे.

परंतु आपल्या पिशवीचे मूळ शांतिनिकेतनाच्या शेजारी, सुरुल येथे आहे. तेथे 1922 साली लेनर्ड एल्महर्स्ट यांच्या साहाय्याने श्रीनिकेतनाची स्थापना झाली. विद्येबरोबर भोवतालच्या खेड्यांचा संसारही सुधारावा, हा तिच्यामागील हेतू होता. शेतीच्या जोडीला विणकाम, लाकूडकाम, मातीकाम असे उद्योग तेथे शिकविले जाऊ लागले. चामड्यावरील नक्षीकामाला तेथे रुजविण्याचे श्रेय रवींद्रनाथांचे पुत्र रथींद्रनाथ आणि स्नुषा प्रतिमादेवी यांच्याकडे जाते. आज या चर्मवस्तूंना भौगोलिक मानांकन लाभले आहे.

हे काम पाहण्यासारखे असते. शेळीचे किंवा मेंढीचे कमावलेले कातडे मापाने कापून ओलसर करतात. मग त्यावर नक्षी दाबून उठवितात. वेली, पाने, मोर आणि अल्पनेतील वळणे त्यावर उमटतात. त्यानंतर हाताने रंग भरतात, वर चकाकी आणतात, आणि शेवटी तुकडे जोडून शिवतात. गिऱ्हाइकाचे लक्ष साहजिकच नक्षीकडे जाते. पिशवीचे आयुष्य मात्र या शेवटच्या शिवणीवर अवलंबून असते.

म्हणून पिशवी हाती घेतल्यावर प्रथम ती उलटी करून आतून पाहावी. टाके जवळजवळ आणि सारख्या अंतरावर आहेत काय, दोरा ओढला असता सैल पडतो काय, हे तपासावे. खांद्याचा पट्टा जेथे पिशवीला जोडलेला असतो तेथे सर्वांत अधिक ताण पडतो. त्या जागी नुसती एक आडवी टीप असेल तर ती पिशवी ठेवून द्यावी; चौकोनी टीप आणि तिच्यात फुलीची टीप असेल, किंवा रिबीट ठोकलेले असेल, तर ती घ्यावी. शेळीचे कातडे मेंढीच्या कातड्याहून अधिक चिवट असते, तेव्हा ते कोणते आहे हे विचारण्यास संकोच करू नये. पट्टा रुंद असावा, म्हणजे खांद्याला काचत नाही. चेन दहा वेळा उघडझाप करून पाहावी, आणि शक्य तर चेनीवर झाकण येणारी पिशवी निवडावी.

माप घेताना एक चूक सर्रास होते. दुकानात सांगितले जाणारे दहा किंवा अकरा इंच हे काचेचे तिरके माप असते. त्यावरून पाटीची लांबी-रुंदी कळत नाही. टॅबलेट त्याच्या कव्हरासह प्रत्यक्ष आत घालून पाहावा. फार सैल पिशवीत तो खडखडतो आणि फार घट्ट पिशवीत चेनीचे दात कडेला घासतात.

आणि येथे चामड्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. हे कातडे पातळ व मऊ असते. ते घर्षण सोसते, पण धक्का सोसत नाही. काच बहुधा कोपऱ्यावर आपटल्याने फुटते, कारण सारा मार एका टोकावर एकवटतो. यावरचा एक सुंदर उपाय वीरभूमच्या स्त्रियांच्या हातात आहे. जुन्या सुती साड्यांचे थर एकावर एक ठेवून, धावदोऱ्याने शिवून त्या कांथा तयार करतात. आपली गोधडी पाहिलेल्या कोणाही मराठी माणसाला कांथा परकी वाटणार नाही. अशा जाड कांथेचा एक खण शिवून घ्यावा आणि तो चामड्याच्या पिशवीत वरच्या कडेला अडकवावा. खणाचा तळ पिशवीच्या तळापासून दोन बोटे वर राहिला, तर पिशवी जमिनीवर टेकली तरी टॅबलेट टेकत नाही. कोपरे झाकणारे कव्हर टॅबलेटला असावेच. कांथा त्याची जागा घेत नाही, त्याला साथ देते.

आता ही पिशवी खांद्याला लावून खोवाईकडे निघावे. पावसाच्या पाण्याने तांबडी जमीन कोरून झालेल्या या घळी आहेत. त्यांच्या काठी सोनाझुरीच्या झाडांखाली हाट भरतो. बॅटरीवर चालणारी टोटो गाडी धक्के देत नेते, आणि तांबडी धूळ चार्जिंगच्या छिद्रापर्यंत पोहोचू पाहते. चेनीवरच्या झाकणाचे मोल तेथे कळते. चैत्र-वैशाखात कालवैशाखीचे वादळ अचानक येते. चामडे भिजले तर ते सावलीत, वाऱ्यावर वाळवावे. उन्हात किंवा विस्तवाजवळ ते कडक होऊन तडकते. पावसाळ्यात बंद कपाटात ठेवल्यास त्याला बुरशी येते, तेव्हा अधूनमधून ते कोरड्या फडक्याने पुसावे. भर उन्हात उभ्या मोटारीत टॅबलेट ठेवून जाऊ नये. पिशवी कितीही चांगली असली तरी ती बॅटरीला उष्णतेपासून वाचवू शकत नाही. विमानाने परतावयाचे असेल तर चार्जिंगची पॉवर बँक हाती धरावयाच्या सामानातच ठेवावी. सामानकक्षात देण्याच्या पेटीत ती चालत नाही.

या हाटात यंत्राने छापलेली, चामड्यासारखी दिसणारी रेक्झिनची पिशवीही मांडलेली आढळते. ती स्वस्त असते आणि पहिले काही महिने चांगली दिसते. मग तिचा पापुद्रा सुटू लागतो. हाताने केलेल्या पिशवीचा पट्टा तुटला तर गावचा चांभार तो पुन्हा शिवून देतो. श्रीनिकेतनाने शंभर वर्षांपूर्वी खेड्यातील हातांना काम मिळावे म्हणून हा उद्योग सुरू केला होता. गिऱ्हाइकाने नक्षीबरोबर शिवणही पारखून घेतली, तर चांगली शिवण घालणाऱ्या कारागिराला त्याच्या श्रमाचे मोल मिळेल, आणि घरातील ती पाटीही सुखरूप परत येईल.