एका राजाची दोन नावं

तुतानखामेन हे त्या मुलाचं पहिलं नाव नव्हतं. तो आधी तुतानखातेन होता. ‘तूत’ म्हणजे प्रतिमा, ‘अंख’ म्हणजे जिवंत. आतेनची, म्हणजे सूर्याच्या तबकडीची, जिवंत प्रतिमा.

इ.स.पू. १४व्या शतकात अखेनातेन राजाने आतेन सोडून बाकीचे देव बाजूला सारले. आमूनवर त्याचा विशेष राग. देवळांच्या भिंतींवरून आमूनचं नाव छिन्नीने खरवडलं गेलं. त्याच्या वडिलांचं नाव होतं आमेनहोतेप. त्यात आमून होता, म्हणून तेही सुटलं नाही.

अखेनातेननंतर काही वर्षांतच गादी आठ-नऊ वर्षांच्या पोराकडे आली. आमूनचे दिवस परतले आणि पोराच्या नावातला आतेन जाऊन तिथे आमून बसला. रामदासचा शिवदास व्हावा तसं. त्याची राणी अंखेसेनपातेन होती, तीही अंखेसेनामून झाली. हे ठरवणारे अर्थातच दरबारातले मोठे लोक असणार.

मी दिवसभर कोड लिहिते. व्हेरिएबलचं नाव बदलणं हा दोन सेकंदांचा खेळ. पण सिस्टीम जुनी असली की आधीचं नाव कुठेतरी उरतंच, एखाद्या कॉमेंटमध्ये, डेटाबेसच्या एखाद्या कॉलममध्ये. तुतानखामेनच्या थडग्यात सापडलेलं सोन्याचं सिंहासन असंच आहे. त्यावर नवं नाव आहे आणि जुनंही. पाठीवर राजा बसलाय, राणी त्याच्यासमोर उभी आहे आणि वरून आतेनची किरणं त्यांच्याकडे हात पसरतायत.

माझ्या आईचंही असंच आहे. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं गेलं. दहावीच्या सर्टिफिकेटवर जुनं नाव, आधार कार्डावर नवं. मागे एका कामासाठी तिला प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागलं की या दोन्ही बाया मीच आहे. मामाचा फोन आला की तो जुन्या नावाने हाक मारतो, आणि आईचा आवाज एकदम मोकळा होतो.

इजिप्तच्या लोकांसाठी नाव हा माणसाचाच एक भाग होता. नाव उच्चारलं जातं तोवर माणूस उरतो. म्हणून राजाचं नाव दोरीच्या लांबट वेढ्यात लिहायचे, चारी बाजूंनी राखलेलं. म्हणूनच एखाद्याला संपवायचं तर त्याचं नाव खोडायचे. तुतानखामेनच्या वाट्यालाही ते आलं. पुढे होरेमहेब राजाने त्याच्या शिलालेखांवर स्वतःचं नाव कोरून घेतलं. अबायडोसच्या देवळातल्या राजांच्या यादीत तर आमेनहोतेप तिसरा संपतो आणि थेट होरेमहेब सुरू होतो. मधली सगळी नावं गायब.

पण थडगं ढिगाऱ्याखाली राहून गेलं. नोव्हेंबर १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टरला ते सापडलं. आत पाच हजारांहून जास्त वस्तू होत्या आणि कितीतरी वस्तूंवर त्याचं नाव. यादीतून काढलेला तो राजा आज शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे.

येत्या डिसेंबरात माझं लग्न आहे. ताटात माझंच नाव लिहायचं, हे मी होणाऱ्या नवऱ्याला सांगून ठेवलंय. त्याने लगेच मान डोलावली. आईला सांगितलं, तेव्हा ती जरा वेळ तांदूळच निवडत राहिली.

मग म्हणाली, “त्याला म्हणावं, अक्षर नीट काढ.”