योसेफाचा झगा, यूसुफचा सदरा

व्याख्यान पुण्यात असो की श्रीवर्धनला, श्रोत्यांकडून एक प्रश्न हमखास येतो. कुराणात मूसा आहे, इब्राहीम आहे, मरियम आणि ईसा आहेत. मग हे सगळं यहुदी आणि ख्रिस्ती ग्रंथांतूनच उचललेलं ना? विचारणारा बहुधा सरळ मनाने विचारतो. पण ग्रंथ म्हणजे समोर उघडून ठेवलेलं पुस्तक आणि एकाने दुसऱ्याचं पाहून लिहिलं, असं त्याने मनाशी धरलेलं असतं. या तिन्ही परंपरांच्या ग्रंथांचा अभ्यास हेच माझं काम. ते करताना माझी खात्री झाली की प्रश्नच चुकीचा मांडला जातो. आणि हे समजायला मला आमचा रायगडचा किनाराच सगळ्यात जास्त उपयोगी पडला.

मी राहतो हरिहरेश्वरला. इथून उत्तरेकडे श्रीवर्धन, दिवेआगर, बोर्ली, म्हसळा, मुरूड असा जंजिऱ्याच्या सिद्दीचा जुना मुलूख लागतो. या पट्ट्यात कोकणी मुसलमानांचे मोहल्ले आहेत आणि बेने इस्रायल या यहुदी समाजाचीही घरं होती. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक लोक इस्रायलला गेले. त्यांचा धंदा तेलाचा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावला फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, पोथ्या समुद्रात गेल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. पुढे कित्येक पिढ्या हातात तोरा नव्हती. तरी सुंता, शब्बाथ, खाण्यापिण्याचे नियम आणि ‘शेमा’ ही प्रार्थना टिकली. एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलीया संदेष्टा, तर घरचाच राहिला. त्याचा रथ अलिबागजवळच्या खंडाळ्याला उतरला असं मानतात आणि तिथल्या खडकावरच्या खुणा दाखवतात. त्यांच्या धर्मप्रमुखाला म्हणत काजी!

पुस्तकाशिवाय धर्म असा जगतो. सातव्या शतकातलं अरबस्तान आठवा. मदिनेत यहुदी टोळ्या होत्या, उत्तरेला आणि दक्षिणेला ख्रिस्ती वस्त्या होत्या. पण इस्लामपूर्व काळातलं संपूर्ण अरबी बायबल आजवर कुठे सापडलेलं नाही. गोष्टी फिरत होत्या त्या तोंडी: प्रार्थनेतून, प्रवचनातून, तांड्यांच्या मुक्कामावर. म्हणूनच कुराण बहुतेक ठिकाणी गोष्ट पहिल्यापासून सांगत बसत नाही. ऐकणाऱ्याला ती ठाऊक आहे असं धरून एखादाच प्रसंग उचलतं आणि थेट त्याच्या अर्थाकडे वळतं. तौरात (तोरा), जबूर (स्तोत्रं) आणि इंजील (शुभवर्तमान) या ग्रंथांची नावं ते आदराने घेतं, त्यांची सत्यता आपण पुन्हा सांगतो आहोत असं म्हणतं आणि वर त्यांचा राखणदार असल्याचाही दावा करतं. त्यात मान आहे तसा अधिकारही आहे.

जबूरचं नाव घेऊन कुराणाच्या एकविसाव्या सुरेत, म्हणजे अध्यायात, एक वचन येतं: पृथ्वीचा वारसा सदाचारी लोकांना मिळेल, अशा अर्थाचं. ते स्तोत्रसंहितेच्या सदतिसाव्या स्तोत्राशी जुळतं. पाचव्या सुरेतला दाखला आणखी बोलका आहे. एका निरपराधाचा जीव घेणं म्हणजे साऱ्या मानवजातीचा जीव घेणं, हा विचार तिथे इस्रायलच्या वंशजांना घालून दिलेला नियम म्हणून येतो. तो बायबलमध्ये शोधू नका. इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या रब्बींच्या ग्रंथात तो आहे. म्हणजे नातं फक्त बायबलशी नाही, रब्बींच्या चर्चेशीही आहे.

विद्यार्थ्यांना मी नेहमी यूसुफची, म्हणजेच बायबलमधल्या योसेफाची, गोष्ट वाचायला देतो. उत्पत्तीच्या सदतिसाव्या अध्यायात भाऊ योसेफाचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून बापापुढे टाकतात. याकोब तो ओळखतो, श्वापदाने पोराला फाडलं असं समजतो आणि शोकात बुडतो. कुराणाच्या बाराव्या सुरेतही रक्त लावलेला सदरा येतो, पण इथला याकूब फसत नाही. हे तुम्हीच रचलंत, असं तो मुलांना तोंडावर सांगतो आणि धीर धरतो. पुढे मिसरमध्ये मालकाची बायको मागे लागते. उत्पत्तीत योसेफ वस्त्र तिच्या हाती सोडून पळतो आणि तेच वस्त्र त्याच्याविरुद्धचा खोटा पुरावा होतं. कुराणात सदरा मागून फाटतो, आणि मागून फाटला म्हणूनच यूसुफ निर्दोष ठरतो. शेवटी तो आपला सदरा बापाकडे पाठवतो. तो चेहऱ्यावर टाकताच रडून रडून आंधळ्या झालेल्या याकूबला दिसू लागतं. हा तिसरा सदरा उत्पत्तीत नाहीच. एकीकडे वस्त्र दर वेळी फसवतं, दुसरीकडे दर वेळी खरं काय ते उघड करतं. याला नक्कल म्हणणाऱ्याने दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचलेली नाहीत, असं मी खुशाल म्हणतो.

उधारीचा हिशेब मांडायचा तर तो उलटाही फिरतो. अठराव्या सुरेत मूसा एका अनाम सत्पुरुषाबरोबर प्रवास करतो. परंपरा त्याला खिज्र म्हणते. तो नावेला भोक पाडतो, पडकी भिंत उभारतो, आणि अन्याय वाटलेल्या गोष्टींमागचं कारण शेवटी उलगडतं. तशीच एक यहुदी कथा एलियाहू आणि रब्बी यहोशुआ बेन लेवी यांची आहे. पण ती लेखी मिळते अकराव्या शतकात, कैरवानच्या रब्बी निस्सीम यांच्या अरबी भाषेतल्या पुस्तकात. कोणी कोणाचं घेतलं? आमच्याकडे बेने इस्रायलांत एलियाहूच्या नावाने पोहे, ओलं खोबरं, साखर आणि फळं यांचा मलिदा होतो, आणि दर्ग्यातही मलिदाच चढतो, कुस्करलेल्या पोळीचा. त्याचा कोणी हिशेब मागत नाही.

मतभेद मात्र झाकू नयेत. ईसा कुमारी मातेच्या पोटी जन्मला, हे कुराण मानतं. तो देवाचा पुत्र नाही आणि क्रुसावर मारला गेला नाही, असंही ठाम सांगतं. ख्रिस्ती श्रद्धेचा गाभाच तिथे नाकारला जातो. आधीच्या ग्रंथधारकांनी वचनं फिरवली, हा आरोपही त्यात आहे. सगळे धर्म एकच सांगतात असं म्हणून हे पुसून टाकणं मला अप्रामाणिक वाटतं.

पण ओळख असली की काय होतं, त्याचीही गोष्ट याच किनाऱ्याची. दिवेआगरचं आडनाव लावणारे सामाजी हसाजी दिवेकर कंपनीच्या फौजेत होते आणि म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत सापडले. बेने इस्रायल सांगत आले आहेत की, हा कैदी बनी इस्राईल आहे हे कळताच टिपूच्या आईने, कुराणात वाचलेले हे लोक आपण कधी पाहिले नाहीत म्हणत, त्याचा जीव वाचवला. कथेची शहानिशा होणं अवघड आहे. सुटून आलेल्या दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं, हे मात्र पक्कं. लोक त्याला जुनी मशीद म्हणू लागले, आणि मशीद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात.

पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा अरबी शिकून कुराण मुळातून वाचत. ‘कुराणसार’ आणि ‘ख्रिस्तधर्मसार’ ही दोन्ही त्यांच्या हातची संकलनं. आपल्याला अरबी यायला हवी असंही नाही. बायबल आणि कुराण दोन्ही मराठीत आहेत. या दिवाळीत उत्पत्तीचे सदतीस ते पन्नास अध्याय आणि कुराणाची बारावी सुरा एकापाठोपाठ वाचा. आणि कोणाच्या घरी बेने इस्रायलांची जुनी मराठी कीर्तनाची वही किंवा हग्गादा पडून असेल, तर ती रद्दीत घालू नका. जवळच्या ग्रंथालयात नेऊन द्या.