सर्व्हर कोणाची वाट बघतोय?

संगणक हळू चालू व्हायला लागला की आपल्या मनात पहिला विचार येतो, 'जुना झालाय, बदलायला हवा'. माणूस हळू काम करतोय असं वाटलं तरी तोच विचार येतो, फक्त मोठ्याने कोणी बोलत नाही. आज दोन्हींबद्दल लिहितोय. आयटीवाले नसाल तरी वाचा, फार अवघड काही नाही.

सगळं जग क्लाउडवर गेलं तरी आमच्या पुण्यातल्या ऑफिसात अजून चौदा सर्व्हर एसीच्या गारव्यात घोंघावत बसलेत. महिन्यातून एका शनिवारी रात्री त्यांचं पॅचिंग असतं. प्रत्येक सर्व्हर दोनदा रीस्टार्ट करायचा. पॅचच्या आधी एकदा, म्हणजे मुळात तो नीट उठतोय ना ते कळतं, आणि पॅचनंतर एकदा. तेही एकामागून एक, कारण डेटाबेस उठल्याशिवाय बाकीचे उठून उपयोग नाही.

हे काम कॉन्ट्रॅक्टवरचा एक मुलगा करतो. बार्शीचा, डिप्लोमा झालेला, कमी बोलणारा. त्याच्या आधीचा मुलगा आठला बसायचा आणि अकराला घरी जायचा. ह्याला साडेबारा वाजायचे. एकदा नाही, सलग तीन महिने! त्याचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करायची वेळ आली तेव्हा आमचे मॅनेजर मीटिंगमध्ये म्हणाले, "पोरगा चांगला आहे हो, पण स्लो आहे." चार माना हलल्या. विषय संपल्यातच जमा होता. मी एवढंच म्हटलं, "सर, पुढच्या पॅचिंगला मी बसतो त्याच्याबरोबर, मग ठरवा."

तर त्या शनिवारी वडापाव आणि चहा घेऊन आम्ही दोघं बसलो. तो काही चुकीचं करत नव्हता. उलट प्रत्येक पायरी वहीत लिहून ठेवत होता. म्हणाला, "सर, रीस्टार्ट दिला की मी नुसता स्क्रीनकडे बघत बसतो. ह्यात मी फास्ट कसा होणार?"

मुद्दा बिनतोड होता. मग आम्ही माणूस सोडला आणि सर्व्हर धरला.

आमचे सर्व्हर उबुंटूवर आहेत. तिथे चालू होतानाची सगळी व्यवस्था सिस्टिमडी बघतो. हे प्रकरण २०१० साली लेनार्ट पॉटरिंग आणि के सीव्हर्स यांनी सुरू केलं. त्यात एक कमांड आहे, तिचं नाव चक्क 'ब्लेम'. कुठल्या सेवेने सुरू व्हायला किती वेळ खाल्ला त्याची उतरत्या क्रमाने यादी देते. पण गंमत म्हणजे तिच्याच मॅन्युअलमध्ये इशारा दिलाय की ही यादी फसवी असू शकते. एखादी सेवा हळू दिसते कारण ती दुसऱ्या कोणाची तरी वाट बघत असते. हे वाचून मला आमची मीटिंग आठवली :)

एका सर्व्हरला उठायला साडेसहा मिनिटं लागत होती. त्यातली २ मिनिटं ३८ सेकंद फर्मवेअरची. सर्व्हरची मेमरी, रेड कार्ड वगैरे तपासण्यात तेवढा वेळ जातोच, ते खरं काम आहे. पुढे मात्र यादीत सगळ्यात वर एक ओळ होती, नेटवर्क तयार होण्याची वाट बघणाऱ्या सेवेची. वेळ, बरोबर २ मिनिटं.

इथे थांबा. ५, ३०, ९०, १२० सेकंद असे गोल आकडे दिसले की समजायचं, मशीन काम करत नाहीये. ते कोणाची तरी वाट बघून कंटाळलंय. कामाला लागणारा वेळ असा गोल कधीच येत नाही. गोल आकडा कुठल्या तरी प्रोग्रामरने ठरवलेली सहनशक्तीची मर्यादा असते.

ही सेवा कोणाची वाट बघत होती? दुसऱ्या नेटवर्क पोर्टची. मागे जाऊन बघितलं तर त्या पोर्टात केबलच नव्हती! चार महिन्यांपूर्वी सर्व्हर रूम एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर हलवली होती. पूर्वी ही केबल बॅकअपच्या वेगळ्या नेटवर्कला जायची. शिफ्टिंगमध्ये ते नेटवर्क बंद झालं, पण सर्व्हरच्या फाइलमध्ये पोर्ट तसंच राहिलं. सर्व्हर बिचारा दर वेळी १२० सेकंद ताटकळत उभा. नेटप्लॅनच्या फाइलमध्ये ते पोर्ट 'ऑप्शनल' आहे अशी एक ओळ घातली, पुन्हा रीस्टार्ट.

१२० सेकंद वाचायला हवे होते. वाचले फक्त ९०. आधी मोठ्या वाट बघण्याखाली एक छोटं वाट बघणं लपलं होतं, तीस सेकंदांचं. हे स्विचचं काम निघालं. नेटवर्कमध्ये केबलींचं वर्तुळ झालं तर डेटा गोल गोल फिरत बसतो. ते टाळायला रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल काढला. त्याच्या मूळ पद्धतीत पोर्ट जागं झालं की स्विच १५ सेकंद नुसतं ऐकतो, १५ सेकंद शिकतो आणि मग डेटा पुढे जाऊ देतो. तोपर्यंत सर्व्हरने आयपी मागून काही उपयोग नाही. ज्या पोर्टावर एकटा सर्व्हर आहे ते 'एज पोर्ट' आहे असं स्विचला सांगितलं की ही परीक्षा माफ होते. जुन्या स्विचवर सांगितलेलं होतं. शिफ्टिंगनंतर आलेल्या नव्या स्विचवर नव्हतं.

उरला आमच्या ॲप्लिकेशनचा एक मिनिट. त्यावर डेव्हलपर लोकांनी आधीच शिव्या खाल्ल्या होत्या. ॲप्लिकेशन उठताना बारा सर्व्हरांची नावं डीएनएसला विचारतं. डीएनएसचे पत्ते फाइलमध्ये कोणीतरी कधीतरी हाताने लिहिलेले, आणि पहिला पत्ता शिफ्टिंगमध्ये भंगारात गेलेल्या मशीनचा! लिनक्स पहिल्याला विचारतो, ५ सेकंद थांबतो, मग दुसऱ्याकडे जातो. बारा पंचे साठ.

तिन्ही दुरुस्त्या केल्यावर सर्व्हर साडेतीन मिनिटांत उठला. तीन मिनिटं वाचली. अठ्ठावीस रीस्टार्ट धरले तर ८४ मिनिटं, म्हणजे अकरा आणि साडेबारा ह्यांतला जवळजवळ सगळा फरक. आधीचा मुलगा शिफ्टिंगच्या आधी होता, हा नंतर आला. बस्स, एवढाच काय तो दोघांच्या वेगातला फरक.

सोमवारी मी आकड्यांचा तक्ता मेल केला. त्यात कोणाचंही नाव घातलं नाही. मॅनेजरांनी विचारलंच, "मग चूक कोणाची?" मी म्हटलं, "सर, मजला बदलताना सगळं नेलं. कोणाला कोणाची गरज लागते त्याची यादी मात्र कोणाकडेच नव्हती." ते जरा गप्प बसले. नंतर कॉन्ट्रॅक्ट वर्षभरासाठी रिन्यू झालं.

तीन महिने त्या मुलाची दर पॅचिंगला शेवटची बस चुकत होती आणि कात्रजपर्यंत रिक्षाला तीनशे रुपये जात होते. हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. मला वडापाव खाताना कळलं, तेही मी विचारलं म्हणून.

आता ती यादी तोच करतोय, चौदाही सर्व्हरची, वहीत. तुमच्याकडेही काही हळू चालत असेल, मशीन असो की माणूस, तर नवीन घ्यायच्या आधी एकदा शेजारी बसून बघा, तो नक्की कोणासाठी थांबलाय.