आमचा तंबोरा आणि हवामान

कोल्हापुरात आषाढ लागला की घरातल्या साऱ्याच वस्तू ताळ सोडतात. मीठ पाझरतं, पापड मऊ पडतात, मोरीचं दार लागत नाही. आणि लागलंच तर उघडत नाही. पण सर्वांत बेभरवशाचा म्हणजे आमचा तंबोरा.

'आमचा' हे आपलं म्हणायचं. तो सौभाग्यवतींबरोबर लग्नात आला. माझ्याकडे फक्त उचलून ठेवण्याचं खातं. सौ. खुंट्या पिळून, मणी सरकवून अर्धा तास तो लावायची आणि गायला बसली की दहा मिनिटांत ओरडायची, "अहो, चढला!" मी रक्तदाबाची गोळी शोधू लागे.

शेवटी त्याला घेऊन मिरज गाठली. तिथल्या शिकलगारांनी हत्यारं सोडून तंतुवाद्यं घडवायला घेतली, त्याला दीडशेहून अधिक वर्षं झाली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथले एक वृद्ध कारागीर म्हणाले, "साहेब, बिघाड काही नाही. दमट हवेत लाकूड फुगतं, तबली उचलते, तारा ताणतात, सूर चढतो. खुंट्याही फुगून अडकतात. उन्हाळ्यात उलटं. तार तापली की लांबते, सूर उतरतो. लाकूड सुकून खुंट्या निसटतात; मग खडू लावायचा."

"म्हणजे हा कायम असाच?"

"लाकूड आहे, साहेब. हवा बदलली की तेही बदलणार."

पुढं माझ्या आईच्या आजारपणात सौ. चार वर्षं गायली नाही. तंबोरा गवसणीत, कोपऱ्यात. त्याबद्दल ती कधी चकार शब्द बोलली नाही, आणि मीही विचारलं नाही. गेल्या पावसाळ्यात मीच गवसणी काढली. मोबाइलवरचा काटा बघत, घाम गाळत, तिच्या नेहमीच्या काळी पाचात तंबोरा लावला. ती बसली. वरच्या षड्जाशी आवाज अडला. ती थांबली.

"उतरला," ती म्हणाली.

मी काटा पाहिला. तो जागेवर होता. तंबोरा उतरला नव्हता.

मी काही न बोलता चारी खुंट्या सैल केल्या आणि तारा काळी चारवर आणल्या. "हवा बदललीय ना," मी म्हणालो, "मिरजेचे म्हणालेच होते."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग गायला लागली. बाहेर धो धो पाऊस. दहा मिनिटांनी आवाज आलाच, "अहो, चढला!"

या वेळी मी गोळी शोधली नाही. मुकाट्यानं मणी सरकवला.