टाळ हातात द्या

देशात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. आपलं पूर्णा शहर त्याला अपवाद कसं असेल? इथली हरिपाठाची, भीमगीतांची मंडळं मला म्हणूनच महत्त्वाची वाटतात. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उचलायची. शब्द विसरलेल्यालाही टाळ धरून त्यात सामील होता येतं. गाण्याने स्मरणशक्ती परत येते का? नाही. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२५च्या आढाव्यानुसार संगीतोपचाराने खिन्नता बहुधा कमी होते, आकलनात फारसा फरक पडत नाही. मग उपयोग काय, असं विचारणाऱ्याने खिन्न माणसाला दिवसभर सांभाळून बघावं. गोंगाटाने रुग्ण बिथरतो, हा आक्षेप मात्र रास्त. तेव्हा भोंगा बंद, माणसं पाच-सहा, गाणी त्यांच्या तरुणपणातली. मंडळांनो, आठवड्यातली एक दुपार यासाठी काढा.