वांझ करटोली

श्रावणाच्या सुमारास सुरतेच्या भाजीबाजारात करटोली दिसू लागतात. येथील गुजराती बांधव त्यांना कंटोला किंवा कंकोडा म्हणतात. आपल्या खानदेशी मंडळींच्या तोंडी ती कटुर्ली होतात. भाव ऐकून गृहिणी दोनदा विचार करते, आणि तरीही पावशेर घेतेच. मूळची ही रानभाजी परसातही उत्तम येते. मात्र तिचा स्वभाव ठाऊक असावा लागतो.

वनस्पतिशास्त्रात करटोलीचे नाव मोमोर्डिका डायॉइका असे आहे. यातील दुसऱ्या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ ‘दोन घरांची’. काकडी, दुधी, कारले यांच्या एकाच वेलावर नर आणि मादी अशी दोन्ही फुले येतात. करटोलीचे तसे नाही. तिचा नर वेल निराळा आणि मादी वेल निराळा. अशा वनस्पतींना मराठीत विभक्तलिंगी म्हणतात. तोंडली, परवर, कच्छची खारीक ही याच पंगतीतली. नाताळात युरोपीय घरे ज्या हॉलीच्या लाल फळांनी सजतात, तीही केवळ मादी झुडपालाच लागतात, आणि त्यासाठी जवळपास नर झुडूप असावे लागते. जर्मनीतील ट्यूबिंगन येथील कामेरारियस या पंडिताने 1694 साली दाखवून दिले, की अशा जातींतील मादी झाड नरापासून दूर राहिले तर त्याला रुजणारे बी धरत नाही.

आमच्या परसात पहिला वेल आला तो नवापूरच्या एका आप्तांनी दिलेल्या कंदापासून. पावसाची पहिली सर पडताच कोंब वर आला, महिनाभरात मांडव झाकला गेला आणि फिकट पिवळी फुले उमलू लागली. प्रत्येक फुलामागे काटेरी हिरवी गुंडी दिसे. चार दिवसांत ती पिवळी पडून गळून जाई. शेजारच्या बेन कुंपणावरून म्हणाल्या, “मास्तरसाहेब, आ तो वांझणी वेल छे. काढी नाखो.”

त्या वेळी आमच्या आत्याबाई ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. विवाहानंतर बारा वर्षे मूल झाले नाही म्हणून सासरहून त्यांना माहेरी धाडण्यात आले होते. त्या काळी दोष कोणाचा हे वैद्याला विचारण्याची कोणालाच गरज वाटली नाही. ‘वांझ’ हा एक शब्द पुरेसा झाला. आत्याबाईंनी मान वर न करता म्हटले, “बेन, तिला नाव ठेवण्याआधी तिला काय मिळालं नाही ते तरी बघा.” बेन काही बोलल्या नाहीत. सायंकाळी त्या वाटीभर सुखडी घेऊन आल्या आणि आत्याबाईंजवळ बराच वेळ बसल्या.

पुढच्या वर्षी नर वेलाचा कंद मिळाला. त्याची खूण सोपी आहे. नर कळीखाली गुंडी नसते. फुलाच्या देठावर टोपीसारखे एक लहान पान कळीला कवेत घेऊन असते. करटोलीची फुले दिवेलागणीच्या वेळी उमलतात आणि परागवहनाचे काम मुख्यत्वे रात्री हिंडणारे पतंग करतात. वस्तीच्या गजबजाटात त्यांचा भरवसा नसतो, म्हणून आत्याबाईंनी ते काम अंगावर घेतले. ताजे नर फूल खुडावे, पाकळ्या मागे दुमडाव्यात आणि त्यातील पिवळी पूड मादी फुलाच्या मध्यभागी असलेल्या स्त्रीकेसराग्रावर हलकेच टेकवावी. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरते. पाऊस असेल तर फुलावर कागदाची पुडी बांधावी. फळ धरले की पंधरा ते वीस दिवसांत ते कोवळे खुडण्याजोगे होते. त्या वर्षी पहिली भाजी शेजारी गेली.

पुढे निघंटू चाळताना एक गोष्ट ध्यानी आली. आपल्या आयुर्वेदात कर्कोटकीप्रमाणेच वंध्याकर्कोटकी नावाची एक औषधी सांगितलेली आहे, आणि मराठीत तिलाच वांझ करटोली म्हणतात. तिचा कंद औषधात वापरतात. ही वांझ करटोली म्हणजे वस्तुतः करटोलीचा नर वेल! फळ धरणे हे त्याचे कामच नाही. तरी त्यालाही आपल्या भाषेने नाव दिले ते स्त्रीचेच, आणि तेही वंध्येचे. मराठीचे अध्यापन करण्यात आयुष्य गेले, परंतु एखादा शब्द आपल्या समाजाविषयी इतके सांगून जातो असे फार वेळा अनुभवास आले नाही. आत्याबाईंना हे वाचून दाखविले तेव्हा त्या हसल्या. एवढ्या मोकळेपणी हसताना त्यांना आम्ही क्वचितच पाहिले होते.

आज त्या नाहीत. कंद मात्र दर पावसाळ्यात फुटतात आणि संध्याकाळी फुले टेकविण्याचे काम आता सूनबाई आणि नात करतात. ज्यांना परसात करटोली लावावयाची असेल त्यांनी बियांच्या नादी लागू नये. बी लवकर रुजत नाही आणि नर की मादी हे फुले येईपर्यंत कळत नाही. फुले पाहून खूण केलेल्या वेलांचेच कंद आणावेत. आठ-दहा मादी वेलांमागे एक नर वेल पुरतो. तो फळ देत नाही म्हणून कोणी उपटण्याचा सल्ला देईल. तो ऐकू नये. आणि एखादा वेल फुलूनही फळत नसेल, तर त्याला नाव देण्यापूर्वी दुसरे घर शोधावे.